जागच्या जागी

९ जानेवारी

चिरंजीव घरी आले. खांद्यावर एक बॅग, दाढी वाढलेली. हिने दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवायला घेतला तर त्याने मान मागे घेतली. खात्याने सक्तीची रजा दिली आहे. त्याच्या इंजिनासमोर रुळांवर कोणीतरी आलं, आणि गेला तो माणूस. चौकशीत चिरंजिवांची चूक निघाली नाही, हे त्याने फोनवर आधीच सांगितलं होतं. मार्चअखेरीस खात्याचे डॉक्टर तपासतील. मन ताळ्यावर असेल तर पुन्हा इंजिन, नसेल तर कुठल्यातरी कचेरीत टेबल.

माझा मुलगा आणि टेबल! मी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका काढून पोट भरलं, आणि उरल्या वेळात मागच्या खोलीत नकली आगगाडी फिरवत बसलो. त्याने खरं इंजिन हातात घेतलं. पहिल्यांदा एकट्याने गाडी घेऊन गेला त्या दिवशी मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. त्याला पुन्हा रुळावर आणायचं, एवढंच आता माझ्या डोक्यात आहे.

काय झालं, कसं झालं, ते मी विचारलं नाही. खपली धरणारी जखम नखाने उकरू नये.

१५ जानेवारी

दिवसभर पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेला असतो. जेवायला हाक मारली की येतो, ताटातलं इकडचं तिकडे करतो, उठतो.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला विचारा तरी."

"तू आई आहेस. तू विचार."

"माझ्याशी बोलताना तो शब्द निवडून टाकतो. मी रडेन म्हणून. तुमच्या बाबतीत त्याला तशी भीती नाही."

"म्हणजे मी दगड?"

"म्हणजे तुम्ही बाप."

मी मागच्या खोलीत आलो. माझी मांडणी आता खोलीच्या तीन भिंतींना टेकली आहे. प्लायवूडच्या फळ्या, त्यांवर खडी पसरून बसवलेले रूळ, एक स्टेशन, एक बोगदा, भुशाला हिरवा रंग देऊन केलेलं गवत. सगळं एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात, म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. झाडंसुद्धा. आवडली म्हणून मोठी ठेवली, असला गबाळेपणा माझ्याकडे नाही.

या आठवड्यात माणसं रंगवतो आहे. ती बिनरंगाची मिळतात, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. भिंगाखाली धरून एकेकाला विजार, सदरा, केस द्यायचे. हिचं पालुपद सुरूच असतं: "साठी बुद्धी नाठी." साठी उलटून सहा वर्षं झाली, तेव्हा त्या म्हणीचा अर्ज आता मुदतबाह्य आहे, असं मी तिला सांगितलं.

२२ जानेवारी

आज दुपारी चिरंजीव आपण होऊन मागच्या खोलीत आले. मी स्टेशनच्या छपराला गंज चढवत होतो (तपकिरी रंगात थोडा केशरी). काही न बोलता स्टुलावर बसला. मी कंट्रोलर त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, घे, तुला कोणी सिग्नल देणार नाही, चालव मनसोक्त.

त्याने नॉब फिरवला. गाडी फलाटावरून निघाली, सांध्यावर खडखडली, बोगद्यातून बाहेर आली. आणि त्याने नॉब एकदम शून्यावर आणला. गाडी उभी राहिली.

"खरी गाडी अशी जागच्या जागी थांबत नाही, बाबा."

एवढंच बोलला. घरी आल्यापासूनचं हे त्याचं पहिलं लांब वाक्य, आणि त्यात माझी चूक काढलेली. चूक काढायची कला त्याला कोणाकडून मिळाली हे उघड आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? पण खरं ते खरं. रंग, गंज, खडी, सगळं प्रमाणात आणि गाडी थांबते मात्र पोरांच्या खेळण्यातल्यासारखी. मला ते फार लागलं.

त्याने मग गाडी पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. बराच वेळ तेच चाललं होतं. मला वाटतं, खात्री करून घेत होता.

३१ जानेवारी

आता रोज दुपारी येतो. सोबत बरी वाटते, पण त्याच्या खेळाची तऱ्हा मला कळत नाही. एवढे सांधे, बाजूची लाइन, मालगाडीचे डबे, आणि हा एक गोष्ट धरून बसला आहे. बोगद्याच्या पुढच्या सरळ लाइनवर एक माणूस उभा करतो, रुळांच्या मधोमध. गाडी भरवेगाने सोडतो. माणूस वीतभर अंतरावर आला की नॉब शून्यावर. गाडी थांबते. मग वाकून बघतो, मध्ये किती जागा राहिली ते. पुन्हा गाडी मागे. मोटर तापते अशाने. परवा सांगून पाहिलं, तर "हो बाबा" म्हणाला आणि पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

काल त्याने फलाटावरचा निळ्या सदऱ्यातला म्हातारा उचलला आणि म्हणाला, "याचा शर्ट पिवळा कराल?"

"फलाटावर फार भडक दिसेल."

"फलाटावर नाही ठेवायचा."

केला पिवळा. मला पसंत नाही, पण त्याने काही मागितलं हेच किती दिवसांनी. पिवळ्याखाली आधी पांढरा हात द्यावा लागतो, नाहीतर निळा वर येतो. वाळल्यावर मी त्याला नेऊन दिला. त्याने तळहातावर घेतला आणि खूप वेळ बघत बसला. रंगकाम आवडलेलं दिसतं.

६ फेब्रुवारी

ही म्हणते, पोरगं माणसात येतंय. आज परत वाढून घेतलं. रात्री दचकून उठणंही कमी झालं आहे. हे दचकून उठणं मला माहीतच नव्हतं. मी झोपलो की मुडदा, असं ही सांगते.

सकाळी त्याने दाढी केली. मी म्हटलं, हा छंदाचा गुण. माणसाचे हात कामात असले की मन जागेवर येतं. "तसं असेल," ही म्हणाली. एरवी माझं म्हणणं इतक्या लवकर मान्य होत नाही.

९ फेब्रुवारी

चिरंजिवांच्या इंजिनावरचे सहायक आज भेटायला आले. वयाने त्याच्याहून मोठे, डोक्याला टक्कल, फार सज्जन माणूस. त्या दिवशीही तेच सोबत होते. चिरंजीव केस कापायला गेलेले, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. त्यांनी मांडणी बघितली. रुळांत उभा केलेला पिवळा म्हातारा दिसला तसे ते बोलायचेच थांबले. मग म्हणाले, "काका, तुमच्या मुलाने ब्रेक लगेच मारला होता. तुम्ही मनात काही आणू नका. पण गाडी थांबायला जागा लागते हो."

मी म्हटलं, "तेच तर! तो पहिल्याच दिवशी म्हणाला, खरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. साधारण किती जागा लागते?"

"वेगावर असतं. आमची त्या दिवशी पाऊण किलोमीटर पुढे गेली."

मी तिथल्या तिथे भागाकार केला. आमच्या प्रमाणात साडेआठ मीटरांवर जातं. खोलीच्या दुपटीपेक्षा जास्त! तेव्हा थोडी काटछाट करावी लागणार. मी त्यांना तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. तांत्रिक विषयात सगळ्यांनाच गोडी असते असं नाही. मग स्वयंपाकघरात हिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसले, आणि चिरंजीव आल्यावर दोघे बाहेर चक्कर मारून आले. कपातला चहा तसाच राहिला होता.

१० फेब्रुवारी

माझा जुना दोस्त ट्रान्झिस्टर, त्याच्या दुकानात गेलो. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेली, हल्ली मोबाइलच्या काचा बदलतो. त्याला म्हटलं, नॉब शून्यावर आणला तरी वीज एकदम तुटता कामा नये, हळूहळू उतरली पाहिजे. म्हणजे गाडी घसरत, सावकाश थांबेल, खऱ्यासारखी.

"त्यात काय, दोन मोठे कपॅसिटर टाकू. ते वीज साठवून ठेवतात. तू बंद केलंस तरी ते थोडा वेळ देत राहतील." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "पण सुखाने थांबणारी गाडी बिघडवायला आलेलं गिऱ्हाईक तू पहिलाच."

"बिघडवायला नाही. सुधारायला."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," तो म्हणाला, पण काम घेतलं.

घरी कोणाला सांगितलेलं नाही. चिरंजिवांसाठी ती माझी भेट.

१७ फेब्रुवारी

आज हसला! हिने मला झाडू मारताना पकडलं आणि म्हणाली, "तुमच्या स्टेशनवर सफाई कामगाराची जागा निघाली वाटतं." त्यावर चिरंजीव हसले, चांगले दात दिसेपर्यंत.

जेवताना स्वतःहून तपासणीचा विषय काढला. "वाटतंय, जमेल," म्हणाला. हिने पदराने डोळे टिपले आणि कांद्याचं नाव सांगितलं. कांदा घरात नव्हता.

२४ फेब्रुवारी

ही चिरंजिवांना घेऊन बूट घ्यायला गेली, तेवढ्यात मी कंट्रोलर ट्रान्झिस्टरकडे नेऊन काम उरकलं. ट्रान्झिस्टरने जोडणी इतकी सुबक केली आहे की कंट्रोलर बाहेरून होता तसाच दिसतो. लावून पाहिलं. भरवेगात नॉब शून्यावर आणला, आणि गाडी जी डौलात पुढे गेली, हळूहळू वेग कमी करत, दोन हात अंतर कापून उभी राहिली! माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत ही मांडणी इतकी खरी कधी वाटली नव्हती.

सांगायचं नाही असं ठरवलं आहे. त्याच्या हाताला आपोआप कळू दे. त्याच्या चेहऱ्याकडे मात्र बघणार.

२५ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

दुपारी आला. पिवळा म्हातारा रुळांत उभा केला. गाडी सोडली. मी मुद्दाम समोरच्या बाजूला, त्याचा चेहरा दिसेल असा उभा राहिलो. त्याने नेहमीच्या जागी नॉब शून्यावर आणला. गाडी थांबली नाही. त्याने नॉब आणखी मागे फिरवला, तो मागे जात नाही तरी. इंजिन म्हाताऱ्याला घेऊन पुढे गेलं. म्हातारा चाकांत अडकला, दोन डबे घसरले.

तो नॉब फिरवतच होता. म्हणत होता, "मी बंद केलं होतं. बाबा, मी बंद केलं होतं. तुम्ही बघितलंत ना? मी बंद केलं होतं."

मी म्हणालो, "अरे हो, तुझं काही चुकलं नाही, ते मीच केलंय. खऱ्या गाडीसारखं. तूच म्हणाला होतास ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला चेहरा बघायचा होता, तो दिसला. मग उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडला. मी दाराबाहेर उभा राहून त्याला कपॅसिटर म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. का, मलाच माहीत नाही. ही आली आणि माझा दंड धरून मला बाजूला केलं.

२६ फेब्रुवारी

ही माझ्याशी बोलत नव्हती. संध्याकाळी बोलली.

"त्या माणसाचा शर्ट पिवळा होता."

"कोणत्या?"

"कोणत्या म्हणून काय विचारता? ज्याच्यासाठी तो रोज त्या खोलीत गाडी थांबवत होता, त्या."

सहायकांनी तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं होतं. ती मला म्हणाली नाही, कारण तिला वाटलं मला ठाऊक आहे. शर्ट मीच तर रंगवला होता. समजून उमजून मी पोराला खेळू देतोय, असं वाटून तिला माझा अभिमान वाटला होता, असंही म्हणाली. ते ऐकवलं नाही मला.

स्वल्पविराम उलटा पडला तरी मला दिसायचा. छापखान्यात माझ्या नजरेची पैज लावत.

८ मार्च

ट्रान्झिस्टरकडे जाऊन ते कपॅसिटर काढून आणले. त्याने कारण विचारलं नाही, थट्टाही केली नाही. माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं.

चिरंजीव पुन्हा पांघरुणात गेले आहेत. दाढी वाढली आहे. मी त्याच्या खाटेजवळ जाऊन म्हटलं, "चल, बघ तरी. आता जागच्या जागी थांबते. पहिल्यासारखी."

"असू दे, बाबा."

"एकदा बघ."

"थांबत नाही ती," तो म्हणाला. आवाज चढला नाही, राग नाही. "मला ठाऊकच होतं. मध्यंतरी विसरायला लागलो होतो, एवढंच."

त्याने कूस बदलली.

२८ मार्च

आज तपासणी. त्याच्याबरोबर मी गेलो. हिने जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज तरी विचारा."

तो डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि फार लवकर बाहेर आला. "इंजिन नको, असं मीच सांगून टाकलं," म्हणाला. कागद तयार होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोरून एक बाई ओली फरशी पुसत पुसत मागे जात होती. मी मनाचा हिय्या केला.

"कोण होता रे तो?"

त्याने बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधला. मला वाटलं, उशीर झाला, आता नाही सांगणार. मग फरशीकडे बघत बोलायला लागला. "नाव सांगितलं होतं चौकशीच्या साहेबांनी, मी लक्षात ठेवलं नाही. तुमच्या वयाचा असेल. वळण संपलं आणि दिसला. शिट्टी दिली, ब्रेक दिला. तो हलला नाही. त्याने हात वर केला, बाबा. बस थांबवायला करतात ना, तसा. मला अजून कळत नाही, त्याला मरायचं होतं की गाडी थांबेल असं वाटलं होतं."

तो माझ्याकडे वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत होता. काहीतरी ऐकायची वाट बघत होता, हे मलाही कळलं. आणि मी म्हणालो, "किती अंतरावर होता?"

तोंडातून गेलं ते गेलं. जित्याची खोड, दुसरं काय. त्याने मान खाली घातली.

"तेच साहेबांनीही विचारलं होतं," म्हणाला, आणि उठून पाणी प्यायला गेला.

घरी हिने विचारलं, बोललात का. मी बोललो म्हणालो. ती समाधानाने आत गेली. मला लाज वाटते.

११ एप्रिल

त्याला पार्सल कचेरीत टेबल मिळालं. आज गेला. मी पोचवायला स्टेशनवर गेलो होतो. ही घरीच थांबली, दारातून हात हलवला.

फलाटावर गर्दी फार नव्हती. आम्ही भिंतीलगत उभे होतो. मी त्याला पोचल्यावर फोन कर, वेळेवर जेव, असलं सगळं सांगत होतो. गाडी येत असल्याची घोषणा झाली. गाडी फलाटात शिरताना बघायला मी आयुष्यभर पुढे सरसावत आलो. पाय आपोआप निघाले. मागे वळून म्हणालो, "चल, तुझा डबा पुढे येईल."

तो गाडीकडे पाठ करून उभा होता. भिंतीवर तोंड, दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यावर, खांदे वर ओढलेले. भिंतीवर वाचण्यासारखं काही नव्हतं. रूळ थरथरायला लागले तसे त्याचे डोळे मिटलेले मला बाजूने दिसले.

मी परत मागे आलो. त्याला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही, आणि या वेळी मी काही म्हणालोही नाही. त्याच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागून गाडी आत आली. वारा लागला, पायाखालचा फलाट हलला, शिट्टी झाली. त्याच्या कोपराला माझा कोपर लागला, तो त्याने काढून घेतला नाही. गाडी पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.